पार्किन्सन्सच्या गोळ्या: वेळ कशी पाळायची, त्रास कसा ओळखायचा

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पार्किन्सन्सच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोनेक महिन्यांत सकाळी उठलं की त्यांना गरगरायला लागलं. जवळच्या दवाखान्यातून चक्करेची गोळी आणली, सिनारिझिन. ती आम्ही दीड महिना न चुकता दिली. चक्कर थोडी कमी झाली, पण अण्णा लाकडासारखे ताठ होत गेले. आधी शर्टाची बटणं लावणं सुटलं, मग घासही भरवावा लागला. आजार फार भराभर वाढतोय, असं सगळेच म्हणायला लागले. मज्जाविकारतज्ज्ञांनी घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतायला लावल्या, त्यातली ती एक उचलली आणि चिठ्ठीवर तिच्यावर फुली मारली. पुढच्या दोन महिन्यांत अण्णा पुन्हा आपल्या हाताने जेवू लागले.

घडलं होतं ते असं. पार्किन्सन्सच्या गोळीने उभं राहताना रक्तदाब उतरत होता, म्हणून गरगरत होतं. त्या गरगरण्यावर दिलेल्या गोळीने पार्किन्सन्सच वाढवला. आणि आम्ही घरात बसून आजाराला दोष देत होतो.

तेव्हापासून आमच्या घरात कोणतंही नवं लक्षण दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे आजारामुळे की गोळीमुळे? हा प्रश्न सोडवायला जे जे करावं लागतं ते इथे क्रमाने लिहिते आहे. डोस वाढवणं, कमी करणं, बंद करणं हे डॉक्टरांचं काम आहे, त्यात हात घालू नका. मात्र डॉक्टर रुग्णाला तीन महिन्यांतून पंधरा मिनिटं बघतात आणि आपण चोवीस तास बघतो. त्यांना खरी माहिती आपल्याकडूनच मिळते.

गोळी काय करते

डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी होत जातात, म्हणून हालचाल मंदावते, अंग ताठरतं, हात थरथरतो. डोपामिन तोंडावाटे दिलं तर ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि आत जाऊन त्याचं डोपामिन बनतं. पण मेंदूत पोचण्याआधीच, वाटेत रक्तात आणि आतड्यात त्याचं डोपामिन झालं तर उलट्या होतात आणि रक्तदाब उतरतो. ते रोखायला सोबत कार्बिडोपा हा पहारेकरी दिलेला असतो. सिंडोपा, टिडोमेट ही आपल्याकडची नेहमीची नावं म्हणजे हीच जोडी.

पट्टीवरचा आकडा नीट वाचायला शिका, कारण इथे फार गोंधळ होतो. तो आकडा दोन्ही औषधांची बेरीज असतो. ११० म्हणजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० लेव्होडोपा आणि २५ कार्बिडोपा. २७५ म्हणजे २५० आणि २५. म्हणजे ११० आणि १२५ मध्ये मुख्य औषध सारखंच आहे, पहारेकरी मात्र कमी-जास्त आहे. कार्बिडोपा पुरेसं काम करायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. दिवसाला ११० च्या तीन गोळ्या घेणाऱ्याला ते मिळतं फक्त ३०. त्याला सारखं मळमळत असेल तर डॉक्टरांना हे विचारणं अगदी रास्त आहे. आणि औषधाच्या दुकानात "११० संपलीय, १२५ घेऊन जा, तीच आहे" असं म्हणाले तर घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आणखी एक समज जाता जाता खोडून काढते, कारण त्यापायी माणसं वर्षानुवर्षं विनाकारण त्रास काढतात. "ही गोळी पाचच वर्षं चालते, आत्तापासून घेऊन संपवू नका," असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक कुटुंबात भेटतं. गोळी संपत नसते. काही वर्षांनी तिचा परिणाम कमी वेळ टिकायला लागतो तो मुख्यतः आजार पुढे गेल्यामुळे. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. निम्म्यांना लेव्होडोपा लगेच दिलं, निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गट सारख्याच स्थितीत होते. लवकर घेतल्याने आजार वाढला नाही आणि थांबून राहिल्याने काही शिल्लकही पडली नाही.

पहिलं काम: एक कागद

आज संध्याकाळीच बसा. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या, चूर्णं एका जागी आणा. रक्तदाब, साखर, प्रोस्टेट, ॲसिडिटी, झोप, सांधेदुखी, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, सगळं. प्रत्येकाचं दुकानातलं नाव, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि घेण्याची वेळ एका कागदावर उतरवा. वेळ लिहिताना "सकाळ-दुपार-रात्र" लिहू नका, "७, ११, ३, ७" असं लिहा. कागदाचा एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये, एक प्रत रुग्णाच्या खिशात, एक फ्रिजच्या दारावर.

हा कागद करताना आमच्या ओळखीच्या एका घरात कवचबीजाचं चूर्ण सापडलं. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते या बियांमधून वेगळं काढून दाखवलं होतं. म्हणूनच चूर्ण "निसर्गाचं आहे, काही होत नाही" असं समजून गोळ्यांच्या जोडीला घेणं धोक्याचं आहे. चमच्यात किती मिलिग्रॅम गेलं हे कुणालाच माहीत नसतं आणि मग अंगाची वळवळ, उलट्या, भास सुरू झाले की गोळीवर आळ येतो. घ्यायचं असेल तर मज्जाविकारतज्ज्ञांना सांगून घ्या, लपवून नको.

दुसरं काम: घड्याळ

लेव्होडोपा रक्तात अगदी थोडा वेळ राहतं, साधारण दीड तासात अर्धं होतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदू ते थोडंफार साठवू शकतो, त्यामुळे तासभर उशीर झाला तरी फरक कळत नाही. आणि इथेच सवय बिघडते. पुढे साठवण्याची ताकद कमी होते तसा प्रत्येक गोळीचा चढ-उतार अंगावर दिसायला लागतो. गोळी लागली की माणूस चालतो, बोलतो. उतरली की पाय जमिनीला चिकटतात. त्या टप्प्यावर पंधरा मिनिटांचा उशीरही माणसाला खुर्चीत खिळवून ठेवतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून मोबाईलवर गजर लावा, प्रत्येक गोळीला वेगळा. सकाळची पहिली गोळी आणि झाकणाच्या बाटलीत पाणी रात्रीच उशाशी ठेवा, म्हणजे उठण्याआधी अंथरुणातच घेता येते आणि अर्ध्या तासाने उठायची ताकद येते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, गोळ्या पट्टीतून काढून उघड्या डबीत आठवडाभर ठेवू नका, दमट हवेने खराब होतात. निदान पंधरा दिवसांचा साठा घरात हवाच. गणपतीत किंवा दिवाळीत दुकानं बंद असताना पट्टी संपली आणि मग धावाधाव, हे मी पाहिलंय.

गोळी चुकली तर? पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नका. थोडाच उशीर झाला असेल तर आठवताच द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून त्या कागदावर लिहून ठेवा, कारण ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

नावात सीआर असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटायची नाही, चावायची नाही. गिळायला त्रास होतो म्हणून खलबत्त्यात कुटून दिली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, गोळीचा प्रकार बदलता येतो.

जेवण आणि गोळी

प्रथिनं पचून तयार होणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा, दोघांनाही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकच दार लागतं. दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. "दुपारची गोळी लागतच नाही" अशी तक्रार असेल तर आधी बघा, ती वरण, दही, उसळ, अंडं, मासे यांच्याबरोबर पोटात जातेय का. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान तासाभराने, आणि साध्या पाण्याबरोबर. आपल्याकडे सकाळची गोळी चहाच्या किंवा दुधाच्या घोटाबरोबर घ्यायची सवय फार. ती मोडा.

सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळत असेल तर दोन बिस्किटं, थोडे कुरमुरे किंवा अर्धी पोळी चालते, त्यात प्रथिनं फारशी नसतात. मात्र प्रथिनं तोडू नका. पार्किन्सन्समध्ये वजन आणि स्नायू आधीच कमी होत असतात. ज्यांना चढ-उताराचा त्रास आहे त्यांना डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ बरीचशी प्रथिनं रात्रीच्या जेवणाकडे ढकलायला सांगतात, म्हणजे दिवस मोकळा राहतो.

रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी आणि लेव्होडोपा एकत्र दिले तर लोह लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवतं. दोन्हींत निदान दोन तास अंतर ठेवा. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, पट्टी वाचा.

उपवासाचं आमच्या घरी मोठं प्रकरण झालं. अण्णा आषाढी एकादशीला निर्जळी करत. गोळीबरोबर घोटभर पाणी घेतलं तर उपवास मोडतो, असं त्यांना मनापासून वाटे. शेवटी त्यांच्या भजनी मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी "औषधाला उपवास नसतो" म्हणून सांगितलं तेव्हा ते मानले. तुमच्याही घरी श्रद्धेचा प्रश्न असेल तर आपण वाद घालण्यापेक्षा ते ज्यांचं ऐकतात त्यांच्याकडून सांगवा. गोळी मात्र एकही दिवस चुकता कामा नये. आणि साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट हीही प्रथिनंच, तेव्हा गोळी आणि खिचडी यांत अंतर ठेवा.

बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको. या आजारात पोट संथ असतं आणि काही गोळ्या ते आणखी संथ करतात. पोट साफ नसेल तर गोळीही उशिरा लागते. पाणी, पालेभाज्या, फळं, इसबगोल, आणि तरी होत नसेल तर डॉक्टरांकडून औषध.

कोणत्या गोळीने काय त्रास होतो

उभं राहताना येणारी चक्कर. लेव्होडोपा आणि डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या, दोन्हींनी रक्तदाब उतरू शकतो. घरच्या यंत्रावर मोजायची रीत अशी: पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा जुनी रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी आता जास्त होत असते आणि ती कमी केली की भागतं. तोपर्यंत उठताना आधी कुशीवर वळून बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. कढत पाण्याची आंघोळ आणि भरपेट जेवण यानंतर लगेच चालायला जायचं नाही. दिवसभर पाणी भरपूर प्यायचं, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी ते मोजून प्यायला सांगितलं नसेल तर.

झोप. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या डोपामिनसारख्या काम करणाऱ्या गोळ्यांनी काहींना पूर्वसूचना न देता एकदम झोप लागते. जेवताना, बोलताना आणि स्कूटर चालवतानाही. ही गोळी नवी सुरू झाली किंवा वाढली की काही आठवडे गाडी बंद, यावर घासाघीस नको. याच गोळ्यांनी घोट्यावर सूजही येते.

आता ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही ते. याच गटातल्या गोळ्यांनी काही माणसांना एखाद्या गोष्टीचं अनावर वेड लागतं. जुगार, खरेदी, अधाशासारखं खाणं, लैंगिक इच्छा. ३०९० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १०० मागे साधारण १७ जणांमध्ये असं काहीतरी आढळलं. आपल्याकडे ते कसं दिसतं? आयुष्यभर पै-पै जोडणारा माणूस मोबाईलवर रात्रभर रमी खेळतो. निवृत्तीचे पैसे शेअर बाजारातल्या उलाढालीत घालतो. एकाच महिन्यात घरी चार मिक्सर येतात. कुणी रेडिओ उघडून पुन्हा जोडण्यात सहा-सहा तास घालवतो. आणि सत्तरीच्या नवऱ्याच्या मागणीने बायको हैराण होते, पण मुलांना कुठल्या तोंडाने सांगणार? ती गप्प बसते.

माझं कळकळीचं सांगणं आहे, याला स्वभाव, म्हातारचळ किंवा संस्कारांची घसरण समजू नका. हा गोळीचा ओळखीचा परिणाम आहे आणि डोस कमी केला किंवा गोळी बदलली की बहुतेकांचा ओसरतो. त्या माणसाला स्वतःला तो कळतोच असं नाही, आणि कळला तरी शरमेने तो सांगत नाही. त्यामुळे गोळी सुरू करतानाच सगळ्यांसमोर सांगून ठेवा की असं होऊ शकतं, झालं तर तुमचा दोष नाही, आम्हाला सांगा. बँकेचे संदेश घरातल्या आणखी एका मोबाईलवर येतील अशी सोय त्यांच्या संमतीने आधीच करा. डॉक्टरांना रुग्णासमोर सांगणं अवघड वाटत असेल तर चिठ्ठी लिहून आत पाठवा. पण ही गोळीसुद्धा घरीच एकदम बंद करायची नाही. अचानक तोडली तर घबराट, घाम, खोल उदासी, अंगदुखी असे हाल होतात.

भास. भिंतीजवळ लहान मूल बसलंय, अंगणात माणसं आलीत, ताटावर मुंग्या आहेत. सुरुवातीला रुग्णाला हे खरं नाही हे कळत असतं, पुढे कळेनासं होतं. भांडू नका आणि हसूही नका. "मला दिसत नाहीये, पण तुम्हाला दिसतंय हे मला कळतंय" एवढं पुरतं. खोलीत उजेड वाढवा. आणि शोध घ्या: लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी, दोन-तीन दिवस पोट साफ नाही, एखादी नवी गोळी. एकदम सुरू झालेल्या भासामागे पुष्कळदा यांतलंच काहीतरी असतं. गोळ्या कमी करायची वेळ आली तर डॉक्टर सहसा इतर गोळ्या आधी काढतात आणि लेव्होडोपाला शेवटी हात लावतात. आपण घरी नेमकं उलटं करतो, मोठी दिसते म्हणून तीच बंद करतो.

ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन, थरथरीवर जुन्या काळापासून दिली जाते. स्वस्त आहे, म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते. पण वयस्कांना तिने विसरायला होतं, गोंधळ उडतो, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, नजर धूसर होते. काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर डॉक्टरांना ते माहीत असलंच पाहिजे. तिने घामही कमी येतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या मे महिन्यात घाम न येणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. "बाबांचं डोकं चालेनासं झालंय" असं वाटत असेल आणि ही गोळी चालू असेल तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारा.

ॲमॅन्टाडिनने पायांवर जांभळट जाळी उठते, सूज येते. जाळी दिसायला भीतीदायक, पण सहसा निरुपद्रवी. ही गोळी झोप उडवते, म्हणून शेवटची दुपारपर्यंत. मूत्रपिंड अधू असेल तर तिचा डोस कमी लागतो. एन्टाकॅपोनने लघवी नारिंगी-तपकिरी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. जुलाब लागले तर मात्र सांगा. सेलेजिलिन सकाळीच घ्यायची, रात्री घेतली तर झोप येत नाही.

वळवळ. काही वर्षांनी गोळी ऐन भरात असताना मान, खांदे, पाय आपोआप डुलायला लागतात. पाहुण्यांना वाटतं कंप वाढला. कंप आणि ही वळवळ वेगळी. कंप लयीत असतो आणि बहुधा हात निवांत असताना दिसतो, वळवळ नाचल्यासारखी, सैल असते. दोन्हींचे उपाय उलट दिशेचे आहेत, म्हणून डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून दाखवा, आणि तो गोळीनंतर किती वेळाने काढला ते सांगा.

दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी

मी सर्वांत जास्त सांगते ते याबद्दल, कारण नुकसान इथे होतं आणि ते टाळणंही सोपं आहे. डोपामिन अडवणारी काही औषधं अगदी रोजच्या दुखण्यांवर दिली जातात. ही नावं त्या कागदाच्या मागे लाल शाईने लिहा:

मळमळ-उलटीवर: मेटोक्लोप्रमाइड, जसं पेरिनॉर्म; प्रोक्लोरपेराझिन, जसं स्टेमेटिल.
चक्कर आणि अर्धशिशीवर: सिनारिझिन, जसं स्टुजेरॉन; फ्लुनारिझिन.
ॲसिडिटी-गॅसवर: लेव्होसल्पिराइड.
भास, चिडचिड, रात्रीच्या गोंधळावर: हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन.

लेव्होसल्पिराइडवर विशेष नजर ठेवा. ते ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीने लपलेलं असतं. नावाच्या शेवटी बऱ्याचदा एल किंवा एलएस असतं, पण अक्षरांवर विसंबू नका, मागचे घटक वाचा. डी किंवा डीएसआर असलेल्या कॅप्सूलमध्ये बहुधा डॉम्पेरिडोन असतं. ते मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून मळमळीला पार्किन्सन्समध्ये तेच देतात. पण हृदयाचा त्रास असेल तर तेही विचारूनच. उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉनही सहसा चालतं, पार्किन्सन्सवरचंच अपोमॉर्फिन हे औषध चालू असेल तर मात्र नाही. भास फारच वाढले तर मज्जाविकारतज्ज्ञ बहुधा क्वेटियापिन अगदी कमी डोसमध्ये देतात, किंवा क्लोझापिन, ज्यासाठी रक्ताची नियमित तपासणी लागते.

पार्किन्सन्सच्या गोळ्यांपैकी रासाजिलिन, सेलेजिलिन किंवा सॅफिनामाइड चालू असेल तर टाळायच्या औषधांची आणखी एक यादी: दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि पेथिडिन, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन, सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन. यांच्या जोडीने रक्तदाब भडकणं, ताप, थरकाप, गोंधळ असं गंभीर काही होऊ शकतं. म्हणजे सर्दी-खोकल्याला दुकानातून तोंडी मागून औषध घ्यायचे दिवस संपले. उदासीवरच्या गोळ्या यांच्याबरोबर पूर्ण वर्ज्य नसल्या तरी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायलाच हवी.

दंतवैद्याकडे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, हाडांच्या डॉक्टरांकडे, सगळीकडे तोच कागद न्या. "पार्किन्सन्स आहे" असं आपण आपणहून म्हणायचं, ते विचारण्याची वाट बघायची नाही.

दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर

मांडीचं हाड मोडलं, न्यूमोनिया झाला, मोतीबिंदू काढायचा आहे. अशा वेळी वॉर्डातल्या गोळ्यांच्या फेरीची वेळ आणि आपल्या गोळीची वेळ जुळत नाही. ब्रिटनमधल्या 'पार्किन्सन्स यूके' या संस्थेने "गोळी वेळेवर द्या" अशी मोहीमच चालवली आहे. तिचा आग्रह आहे की दवाखान्यातही गोळी ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळाली पाहिजे. आपणही हाच आग्रह धरायचा. भरती होतानाच वेळांचा कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावायला सांगा, मुख्य परिचारिकेला भेटून समजावून सांगा. गोळ्या घरून न्या आणि उशाशी ठेवू द्या अशी परवानगी मागा.

शस्त्रक्रियेआधी "सकाळपासून काही घ्यायचं नाही" असं सांगतात. भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा की पार्किन्सन्सची गोळी घोटभर पाण्याबरोबर देऊ का, पुष्कळदा ते हो म्हणतात. तोंडाने घेता येत नसेल तर नाकातल्या नळीतून साधी गोळी पाण्यात विरघळवून देता येते, सीआर नाही. आणि रात्री रुग्ण बडबडायला लागला म्हणून कुणी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन भरायला घेतलं तर तिथेच थांबवून लाल शाईची यादी दाखवा. संकोच करू नका.

लगेच धावायची वेळ

गोळ्या अचानक बंद पडल्या किंवा एकदम खूप कमी झाल्या आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत कडक ताप, अंग फळीसारखं ताठ, भरपूर घाम, गुंगी किंवा बरळणं दिसलं तर हा साधा ताप नव्हे. जिवावर बेतू शकतं. रात्र असो वा सण, मोठ्या दवाखान्यात न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा: "पार्किन्सन्स आहे, गोळ्या अमुक दिवसांपासून बंद आहेत." तसंच उभं राहताना शुद्ध हरपणं, एका दिवसात सुरू झालेले जोरदार भास, गिळताना सारखा ठसका लागून ताप येणं, लघवी पूर्ण अडणं आणि जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यांतलं काही दिसलं तर पुढच्या भेटीची तारीख बघत बसू नका.

डॉक्टरांकडे जायच्या आधीचे तीन दिवस

वर्षभर रोजनिशी लिहिणं कुणाला जमत नाही, मलाही जमलं नाही. भेटीआधीचे सलग तीन दिवस पुरतात. एका कागदावर जागेपणीचे अर्धे-अर्धे तास आखा आणि प्रत्येकात एकच खूण करा: हालचाल मोकळी, हालचाल बंद, वळवळ किंवा झोप. गोळी घेतली तिथे गोल, जेवण झालं तिथे फुली. बस. गोळी किती वेळाने लागते, कधी उतरते, जेवणाने मागे राहते का, हे त्या खुणांवरून डॉक्टरांना लगेच दिसतं. खुणा शक्यतो रुग्णानेच कराव्यात. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द फार आवडतात, कारण दोघांनाही त्यात काहीतरी काम आहे.

सोबत न्यायचं: औषधांचा कागद, तीन दिवसांचा तक्ता, झोपून आणि उभ्याने घेतलेले रक्तदाबाचे आकडे, मोबाईलवरचे दोन व्हिडिओ, एक गोळी लागल्यावरचा आणि एक उतरल्यावरचा. तीन प्रश्न वर लिहून न्या, त्यांतला सर्वांत जड पहिला, कारण शेवटपर्यंत वेळ उरत नाही. आणि चिठ्ठीत एखादी गोळी बदलली असेल तर उठण्याआधी एवढं विचारून घ्या: या बदलाने काय सुधारायला हवं, काय बिघडलं तर फोन करायचा, आणि किती दिवस वाट बघायची. उत्तर तिथेच, त्यांच्यासमोर, त्या कागदावर लिहून घ्या.